कोळवडी दुसऱ्यांदा बुडवू का?

धरणाच्या पाण्यात दोन गावं गेली आणि दोन्हींची मिळून माळावर एक वसाहत झाली. वसाहतीची वेबसाइट करत होती छोट्या आंबेदऱ्याची तनुजा; त्यासाठी दोन्ही गावांतल्या माणसांच्या नावांच्या दोन वेगळ्या याद्या तिनं केल्या होत्या. सरपंच हिंदुराव आप्पा मोठ्या कोळवडीचे, आणि बोलणंही तसंच मोठं!

"तुमची नावं आमच्या यादीत ढकल, तुमची यादी पुसून टाक," आप्पांनी फर्मावलं. "आंबेदरा आता उरलंय कुठं?"

तनुजाचे वडील त्याच आंबेदऱ्यासाठी झुरून गेले होते.

"ढकलते की, आप्पा. पण ही वेबसाइट ज्या भाषेत लिहितेय, त्या जावास्क्रिप्टमध्ये 'पुश' केलं की जिच्यात ढकलू, ती मूळ यादीच बदलते. एका पोत्यात दुसऱ्याचे गहू ओतल्यासारखं. मग निव्वळ कोळवडी म्हणून काही राहत नाही."

"मग दुसरा मार्ग?"

"'कॉन्कॅट'. दोन्ही जोडून तिसरी नवी यादी होते, मूळच्या दोन्ही जशाच्या तशा राहतात. धरणानं आपल्याला विचारलं नव्हतं, आप्पा. मी विचारतेय. कोळवडी दुसऱ्यांदा बुडवू का?"



"तिसरी कर," आप्पा शेवटी म्हणाले. मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "आणि पोरी, आमचं गाव एकदा वाचून दाखव. सावकाश वाच."