रेवेच्या ओटीतली ऋजुला

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, जेव्हा रेवा नदीच्या काठाने अजून यात्रेकरूंची पायवाटही पडली नव्हती आणि साल-सागाच्या निबिड अरण्यात व्याघ्रगर्जनेखेरीज दुसरा घोष उठत नव्हता, तेव्हा अमरकंटकाच्या शिखरावर मौंजायन नावाचे महातपस्वी आणि तितकेच महाक्रोधी ऋषी राहत असत. ऋजुला ही त्यांची एकुलती एक कन्या. एके प्रभाती यज्ञासाठी राखलेले दूध पात्रातून नाहीसे झाले. ते तिनेच प्यायले असा संशय घेऊन, एका शब्दाने विचारपूस न करता ऋषींनी शापवाणी उच्चारली, आणि ती सुकुमार कन्या तळहाताएवढी शिळा होऊन अंगणात पडली. थोड्याच वेळाने आश्रमाच्या कुडापाशी हरिणाचे एक पोरके पाडस दुधाने माखलेले तोंड चाटीत उभे दिसले. सत्य कळले, पण शाप काही मागे घेता येईना.

ऋषींचा आक्रोश ऐकून रेवेला पाझर फुटला. "हिला उराशी धर," ती म्हणाली, "मला उजव्या हाताला ठेव आणि माझ्याभोवती चालत ये. हिला भूमीवर टेकवू नकोस. उद्यासाठी अन्नाचा कणही बाळगू नकोस. काठावरचा जो कोणी जे देईल ते घे. परत इथे पोचशील तेव्हा तुझी लेक तुला मिळेल." वल्कलाच्या गाठोड्यात ती शिळा बांधून ऋषी निघाले. रेवेची परिक्रमा सुरू झाली ती अशी. मात्र आपण का चालतो आहोत, हे त्यांनी लाजेपोटी कोणालाही सांगितले नाही.

इकडे अमरावतीत देवेंद्राचे सिंहासन तापू लागले. देवांच्या राजाचे हे दुखणे फार जुने. पृथ्वीवर कोणी डोळे मिटून बसला, की हा आपल्याच जागेवर टपला आहे असे त्याला वाटावयाचे. आता तर कोणी डोळे उघडे ठेवून चालत होता! "ज्याला काही मिळवायचे नाही तो एवढे चालेलच कशाला?" असा तर्क करून वज्रधर, पुरंदर, सहस्राक्ष इंद्र वाटसरूचे रूप घेऊन खाली उतरला आणि सुमेधस असे नाव सांगून ऋषींच्या मागे चालू लागला.

पहिल्याच दिवशी त्याच्या टाचा सोलवटल्या. ऐरावताच्या पाठीवर बसणाऱ्याला काटा म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार! पण पायांपेक्षा त्याला टोचत होते ते ऋषींचे गाठोडे. वस्तीवरच्या शबरांनी भाजलेले कंद दिले, की ऋषी पोटापुरते खात आणि उरलेले पक्ष्यांना घालीत. उद्यासाठी काही ठेवीत नसत. मग जपून बांधलेले हे काय आहे? झोपेतही ऋषींचा हात त्यावरून निघत नसे. ओढे ओलांडताना ते गाठोडे डोक्यावर घेत, आणि कधी कधी त्याच्याशी हळू आवाजात बोलत. इंद्र कान टवकारून ऐके. "थोडेच राहिले," एवढेच शब्द त्याच्या कानी पडले, आणि त्याला दरदरून घाम फुटला.

शेवटी न राहवून त्याने विचारले, "मुनिवर, या वल्कलात आपण काय वाहत आहात?"

"माझे पाप," ऋषी मान खाली घालून म्हणाले.

इंद्राची खात्रीच पटली. ज्याला स्वतः ऋषी पाप म्हणतो, ते देवराज्य उलथविणारे अस्त्र नसेल तर दुसरे काय असेल?

पुढे दंतुर कड्यांच्या अरण्यात ऋषींना ज्वर चढला. एका डोहापाशी स्नानाला उतरताना त्यांचे हात थरथरू लागले. गाठोडे पाण्यात निसटेल या भयाने ते क्षणभर थबकले, मग त्यांनी सोबत्याकडे पाहिले. "सुमेधसा, एकदा संशय घेऊन मी सर्वस्व गमावले आहे. तुझ्यावर तो घेणार नाही. हे धर, पण भूमीवर ठेवू नकोस."

ऋषींची पाठ वळते न वळते तोच इंद्राने गाठ सोडली. आत एक गुळगुळीत काळसर शिळा होती, आणि ती चक्क उबदार लागत होती. तपाच्या तेजाने धगधगणारे हे दुसरे वज्रच, असे समजून त्याने ती सर्व शक्तीनिशी रेवेच्या पात्रात भिरकावली. तिथे तसल्याच असंख्य शिळा पसरल्या होत्या. त्यांत ती कुठे पडली हे हजार डोळ्यांच्या त्या राजालाही दिसले नाही.

रिकामे वल्कल पाहताच ऋषींनी अशी किंकाळी फोडली, की झाडांवरची पाखरे उडाली. "अरे, ती माझी लेक होती!" आणि हुंदक्याहुंदक्यांत त्यांनी दुधापासून सगळी हकिगत सांगितली. इंद्राचे सोंग गळून पडले. मुकुट, कुंडले, दिव्य वस्त्रे प्रकट झाली, पण मान काही वर होईना. ऋषींनी शापासाठी ओंजळीत जल घेतले. ते बराच वेळ ती ओंजळ धरून उभे राहिले. मग म्हणाले, "शक्रा, तू जे केलेस तेच मी माझ्या अंगणात केले होते. तुला कोणत्या तोंडाने शापू?" आणि त्यांनी बोटे उघडली.

"माते, माझी लेक निवडून दे," त्यांनी रेवेला विनविले.

"माझ्या ओटीत पडलेल्यांत मी निवड करीत नाही," रेवा म्हणाली. "तूही करू नकोस. वाटेत दिसेल ती शिळा ऋजुलाच मानून तिला वंदन करीत चल. ही खरी की ती, असे एकदाही मनात आणशील तर ती तुला कायमची अंतरेल. आणि देवेंद्रा, ज्याने टाकली त्यानेही चालावे."

मग ऋषी आणि देवराज दोघेही अनवाणी निघाले. ऋषी प्रत्येक शिळेपुढे वाकून "ये, बाळे," म्हणत. इंद्रही वाकत असे. पण आरंभी त्याची नजर चोरटेपणाने पुढच्या शिळेकडे जाई, तिची ऊब हाताने चाचपावीशी वाटे. तो आपला हात आवळून धरी. सागरसंगमाला वळसा घालून उत्तर तीराने ते परतले, तोवर त्याची ती खोड केव्हा गळाली हे त्यालाही कळले नाही.

अमरकंटकाच्या पायथ्याशी ऋषी धापा टाकीत पुढे गेले होते. मागून लंगडत येणाऱ्या इंद्राच्या अंगठ्याला चिखलातला एक धोंडा लागला. रक्त आले. त्याने काही विचार केला नाही, सवयीने वाकला, चिखल पुसला आणि म्हणाला, "ये, बाळे."

ऋजुला डोळे चोळीत उठून उभी राहिली. पित्याने धावत येऊन तिला कवटाळले. तीच प्रथम बोलली. "तात, त्या पाडसाला पुन्हा दूध मिळाले का हो?"

तेव्हापासून अन्य पाषाणांची मंत्रांनी प्राणप्रतिष्ठा करावी लागते, रेवेच्या पाषाणाची मात्र करीत नाहीत. तो पात्रातून उचलावा आणि तसाच देव्हाऱ्यात ठेवावा. यात प्राण आहे की नाही, हे तिच्या काठी कोणी विचारीत नाही.