वस्तादांचा पाना

“वस्ताद, तो पाना माझ्या हातात कधी देणार?”

सकाळपासून भैरूनं दुसरं काही विचारलंच नव्हतं.

बाबालाल वस्तादांनी चहाचा कप विसळला आणि पालथा घातला.

घाटमाथ्यावरचं हे गॅरेज. इथून रस्ता जो उतरायला लागतो तो थेट कोकणात. ब्रेकचं काम इथं चुकलं, तर तक्रार घेऊन वर यायला माणूस उरत नाही. म्हणून इथली एक रीत होती. ब्रेकच्या नटाला लागणारा छोटा पाना वस्तादांच्या खिशात राहायचा. तो ज्याला मिळेल, त्यानंच ब्रेकला हात लावायचा. आजवर तो कुणाला मिळाला नव्हता.

भैरू कामाला वाघ होता, यात शंका नाही. पण ते तो स्वतःच दिवसभर सगळ्यांना ऐकवायचा, त्याला कोण काय करणार!

“आज ही गाडी तू कर,” वस्ताद म्हणाले आणि पाना त्याच्या पुढ्यात ठेवला. “मी नुसता पेडलवर पाय मारतो.”

गाडी एका गुरुजींची होती. बायको, म्हातारी आई आणि लेक, असं सगळं घर साखरपुड्याला खाली निघालं होतं. ब्रेक ऑइल पार काळं पडलेलं. ते बदलल्याशिवाय घाट उतरू नका, असं वस्तादांनीच त्यांना बजावलं होतं. मंडळी पलीकडच्या हॉटेलात भजी खात बसली.

भैरूनं बॉनेट उघडून डबीतलं काळं तेल ओढून काढलं, नवं भरलं. मग मागच्या चाकाशी आडवा झाला. नटाला नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं. वस्ताद आत बसले.

“दाबा.”

“धरलं.”

भैरूनं नट सैल केला. काळं तेल बाटलीत उतरलं. त्यानं नट आवळला.

“सोडा.”

“सोडलं.”

प्रत्येक चाकाशी स्वच्छ तेल येईपर्यंत हेच करत राहायचं. काम तसं सोपं. पण नट आवळायच्या आत वरचा पाय सुटला, की बाहेरची हवा आत ओढली जाते. मग पायाखाली ब्रेक असतो आणि नसतोही.

शेवटच्या चाकापर्यंत भैरू चांगलाच रंगात आला.

“पुढच्या साली माझं गॅरेज, वस्ताद. पाटीबी ठरवलीया. लाल अक्षरात... सोडा... लाल अक्षरात नाव, आन् खाली घाटाचं चित्र!”

वस्ताद जरा थांबले.

“सोडलं,” ते म्हणाले.

काम आटपलं. भैरूनं एकदा पेडल दाबून बघितलं, हात पुसले.

“झालं! बोलवा गुरुजींना. जाऊ द्या गाडी.”

“जाऊ दे?”

“बिनधास्त.”

तेवढ्यात भैरूची बायको सुगंधा त्याचा डबा घेऊन आली. तिला दिवस गेले होते. चढ चढून आल्यानं धाप लागली होती.

वस्तादांनी तिच्यापुढं स्टूल सरकवलं.

“सुगंधा, म्हायेर खाली हाय न्हवं तुझं? जायचंय म्हनत होतीस.”

“व्हय चाचा. यष्टीत लई हाल होत्यात, म्हनून राहिलंय.”

“मग ह्या गाडीत बस की. गुरुजी सोडतील. भैरूनं स्वतः ब्रेक केलाय.”

सुगंधा हरखली. गाडीकडं गेली, दार उघडून आत बसलीसुद्धा.

भैरू हसायला गेला, पण हसू आलं नाही.

लाल अक्षरात... सोडा...

आधी नट आवळला होता का? की आधी तोंडातून शब्द गेला? त्यानं आठवून बघितलं. पाटी आठवत होती. चित्र आठवत होतं. हात आठवेना.

हॉटेलातून म्हातारी काठी टेकत निघाली होती, मागून लेक तिची चप्पल घेऊन येत होती.

“सुगंधा, उतर,” तो म्हणाला.

“आता का?”

“उतर म्हनतोय न्हवं!” त्याचा आवाज चिरकला. “वस्ताद, किल्ली... गुरुजींना किल्ली दिऊ नगासा...”

वस्तादांनी मूठ उघडली. किल्ली मुठीतच होती. इतकी घट्ट धरलेली, की तळव्यावर तिचे दात उमटले होते.

सुगंधा उतरून स्टुलावर बसली. वस्ताद आत बसले आणि भैरू पुन्हा त्या चाकाशी आडवा झाला.

“दाबा.”

“धरलं.”

नळीतून स्वच्छ तेल आलं. आणि तेलातून एक बुडबुडा वर चढला. मग आणखी एक.



भैरूनं चारही चाकं पहिल्यापासून केली. आता तो नट आवळायचा, पाना काढून बोटांनी चाचपायचा आणि मगच सोडा म्हणायचा. पेडल दगडासारखं झालं, तरी त्याच्या जिवाला चैन पडेना.

“आधी मी एकटा खाली जाऊन येतो,” तो म्हणाला.

त्यानं गाडी चालू केली. शेजारचं दार उघडलं आणि वस्ताद आत येऊन बसले.

“तुमी नगा, वस्ताद. पाया पडतो.”

वस्तादांनी दार ओढून घेतलं.

गाडी उतारावर सुटली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ. पहिलं वळण अंगावर आलं. भैरूनं देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला...

गाडी थांबली. कठड्याच्या बरीच अलीकडं, गुमान.

खाली दरीत धुकं होतं. भैरूला पेडलवरचा पाय काही केल्या उचलवेना. त्यानं खिशातून पाना काढला आणि वस्तादांपुढं धरला.

“घ्या तुमचा तुमाला. मला लई भ्या वाटलं.”

वस्तादांनी पाना घेतला, सदऱ्याला पुसला आणि परत त्याच्याच खिशात घातला.



“वस्ताद... हे भ्या कवा जातं हो?”

वस्तादांनी खाली दरीकडं बघितलं.

“जाईल त्या दिशी पाना माजा मला आणून दे.”