पोटातला उजेड

आटपाट बशी होती, प्रयोगशाळेतली, काचेची. तिच्यात माणसाच्या रक्तातली एक पांढरी पेशी होती. जंतू दिसला की गिळायचा आणि त्या माणसाचं अंग, म्हणजे आपलं घर, राखायचं, हा तिचा पिढीजात धंदा.

एके दिवशी बशीत जंतू ओतले गेले. पेशीने एकाला कवटाळून गिळलं. पोटातल्या आंबट रसात जाताच तो लालभडक उजळला.

"वाचवलं बाई घर!" पेशी म्हणाली.

पोटातून जंतू म्हणाला, "अगं, मला केव्हाच मारलंय. पोटात गेल्यावर उजळणारा रंग लावून बाटलीत भरलं होतं. तुझी भूक तपासतायत हे प्रयोगशाळेवाले."

"आणि माझं घर?"

"फ्रीजमध्ये तुझ्या रक्ताच्या नळीशेजारीच होतो. बाहेर बोलत होते, ज्याचं हे रक्त, तो माणूस तापातच गेला."

पेशीने बाहेर पाहिलं. चहूकडे काचच होती. तेवढ्यात दुसरा जंतू तरंगत आला. तिने तोही गिळला. दुसरं काही तिला येतच नव्हतं.