खोतांची म्हैस वादात

भागी आणि तिचा शेजारी धाकू यांच्या बांधावर एक कापा फणस होता. तो कोणाचा यावरून दोघांची जुंपली आणि वाद आबा खोतांकडे गेला. खोतांचा कायदा एकच: निकाल लागेपर्यंत वादातल्या वस्तूचं उत्पन्न पंचाच्या घरी. झालं! तीन उन्हाळे खोतांकडे गरे तळले गेले, आठळ्या भाजल्या गेल्या, निकाल मात्र काही पिकेना.

चौथ्या वर्षी झाड लगडलं, तेव्हा भागीने धाकूला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि भर बैठकीत ती उभी राहिली.

"आबा, तुमच्या गोठ्यातली दुभती म्हैस माझी आहे."

"वेड लागलं काय गो तुला?" खोत कडाडले. "म्हैस माझी!"

"म्हणजे वाद झाला. आता तुमचाच कायदा. या वादाला पंच धाकूभाऊ. निकाल लागेपर्यंत दूध त्याच्या घरी."

धाकूने गंभीरपणे मान डोलावली. "बघू सावकाश. मला काही घाई नाही."

सगळी बैठक खो खो हसली. खोतांनी घाम पुसला. "फणस दोघांचा! निम्मा निम्मा! उठा आता."

"मग म्हैस तुमचीच हो, आबा," भागी पदर खोचत म्हणाली. "बघा, पंचावर कोरा चहा प्यायची पाळी आली की निकाल कसा झटकन लागतो!"