शयनगृहातला पहारा

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्यावर झोप रुसली, ती रुसलीच. पत्नी जाऊन वर्ष होत आले होते. तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा म्हणतात, पण या गृहस्थाला मऊ गादीही टोचत असे. माणूस वाळून काडी झाला होता. गावच्या वृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्याला त्याच्याकडे पाठवले.

शिष्य हुशार होता, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होते. त्याने शयनगृहाचे रूपच पालटले. खिडक्यांना जाड पडदे, गादीत नवा कापूस, बिजागऱ्यांना तेल. खाटेची दिशा बदलली. काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळण्याची व्यवस्था झाली. अंगणातला कोंबडासुद्धा शेजारी धाडला. टाचणी पडली तरी ऐकू यावी, एवढी शांतता खोलीत झाली. पत्नीची रिकामी खाट तेवढी व्यापाऱ्याने हलवू दिली नाही.

पंधरा दिवसांत व्यापारी होता त्याहून खंगला. एकदा जिन्यावरून पडता पडता वाचला. असेच चालले तर माणूस हातचा जाणार, हे ओळखून शिष्याने खाली मान घालून गुरूंना बोलावून आणले.

भर दुपार होती. वृद्धांनी खोली पाहिली आणि विचारले, "शेठ, बाई गेल्या तेव्हा आपण कुठे होतात?"

"इथंच," व्यापारी म्हणाला. "झोपलो होतो. तिच्या आजारपणात तीन महिने जागलो, आणि नेमका त्या रात्री डोळा लागला. सकाळी पाहिलं तर तिचा हात तांब्याकडं गेलेला. हाक मारली असेल हो तिनं. मला ऐकू आली नाही."

 वृद्ध त्या रिकाम्या खाटेवर आडवे झाले. शिष्य दचकला, कुणाच्या दुःखाची अशी थट्टा करावी? इतक्यात वृद्ध क्षीण स्वरात म्हणाले, "पाणी द्या."

व्यापारी ताडकन उठला. त्याने पेला भरला, वृद्धांचे मस्तक हातावर उचलून धरले आणि घोट घोट पाणी पाजले. पाजता पाजता तो हमसून हमसून रडू लागला. वृद्धांनी पेला रिकामा केला.

"तहान भागली," ते म्हणाले. "आता निजा. मी जागा आहे."

व्यापारी भिंतीकडे तोंड करून पडला. हळूहळू त्याचा श्वास जड झाला.

शिष्य कुजबुजला, "गुरुजी, माझे उपाय का लागू पडले नाहीत?"

"तू खोली शांत केलीस, म्हणून त्यांना अधिकच नीट ऐकू येऊ लागले. बाळा, हे शयनगृह नव्हते, पहाऱ्याची चौकी होती. पहारेकऱ्याला मऊ गादीने झोप येत नाही. तुझी पाळी संपली, असे त्याला कुणीतरी सांगावे लागते."

"म्हणजे आता ते बरे होतील?"

"आज झोपतील. उद्या पुन्हा कान देतील. एका पेल्याने मिटणारी ही हाक नव्हे."

शिष्य उंबऱ्यापाशी बसला. पंधरा दिवस तो या खोलीत येत होता. त्या बाईंचे नाव काय होते, हे त्याने एकदाही विचारले नव्हते.