टिकलीचा दाणा आणि दारामागची ती

डोंगरावर एक घर होतं.
खिडकीला धुकं. फाटकाला धुकं. झाडं तर दिसतच नव्हती.
संध्याकाळ झाली होती. घरी पाहुणे येणार होते. वाघमोडे काका आणि वाघमोडे काकू.

निमीची आई पाहुण्यांसाठी खाऊचा पाट मांडत होती. आंब्याच्या लाकडाचा लांबट पाट. त्यावर चीजचे तुकडे, त्रिकोणी त्रिकोणी. काकडीच्या चकत्या, गोल गोल. बिस्किटांची नागमोडी रांग. मधे मधाची वाटी. इकडे काजू, तिकडे द्राक्षं. आईचं एकच म्हणणं. पाटावर जागा म्हणून दिसायला नको!

निमीनं एका कोपऱ्यात डाळिंबाचा दाणा ठेवला. एकच दाणा. लालचुटुक.
"हा मुंगीचा," निमी म्हणाली.
त्या घरची तशी रीतच होती. आधी मुंगीचा मान, मग पाहुण्यांचा.

पण आज आईनं मान तिरकी केली. पाट बघितला.
"हा कोपरा बोडका दिसतोय गं," आई म्हणाली.
आणि तिनं काय केलं? एक आख्खा अक्रोड घेतला. कवचासकट! ठक्क! ठेवला की दाण्यावरच!

तेवढ्यात दिवे गेले. फट्!
आईनं मेणबत्ती लावली. फोन वाजला.
"अगं, या धुक्यात तुझं घरच दिसेना!" काकू म्हणाल्या.
आई आणि निमी बॅटरी घेऊन फाटकाशी गेल्या. दार वाजलं. कुईऽऽ.
घर रिकामं झालं.
अगदी रिकामं? बघू हं.

भिंतीच्या फटीत राहायची एक मुंगी. तिचं नाव टिकली. तिची धाकटी बहीण राई. राईचा पाय दुखावला होता. राई कालपासून उपाशी होती. टिकलीला फार वाईट वाटत होतं.
"थांब हं राई," टिकली म्हणाली. "पाट मांडलाय. आपला दाणा आणते."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली पाटावर आली.
बघते तर काय! दाण्यावर अक्रोड!
टिकलीनं ढकललं. हुप्प! अक्रोड हलेचना.
पाहुणे येणार. पाट संपणार. मग फडकं फिरणार. सर्रर्र! दाणा जाणार!

टिकली म्हणाली, "अक्रोडबुवा, अक्रोडबुवा, सरका ना!
दाणा सुटेना,
राईला भूक सोसवेना!"
अक्रोड म्हणाला, "मी नाही सरकत जा! आणि हळू बोल. दारामागे ती उभी आहे."

ती? कोण ती?
टिकलीनं तिकडे बघितलंच नाही.

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली गेली सुरीकडे. सुरी चीजमध्ये उभी होती.
"सुरीबाई, सुरीबाई, अक्रोडाला टोच ना!
अक्रोड सरकेना,
दाणा सुटेना,
राईला भूक सोसवेना!"
सुरी म्हणाली, "मी नाही टोचत जा! आणि हळू बोल. दारामागे ती उभी आहे."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली गेली मेणबत्तीकडे. मेणबत्ती थरथरत होती. लुक लुक, लुक लुक.
"मेणबत्तीबाई, मेणबत्तीबाई, सुरीला तापव ना!
सुरी टोचेना,
अक्रोड सरकेना,
दाणा सुटेना,
राईला भूक सोसवेना!"
मेणबत्ती म्हणाली, "मी नाही तापवत जा! आणि हळू बोल. दारामागे ती उभी आहे."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली गेली वाऱ्याकडे. वारा खिडकीच्या फटीतून आत येत होता. सूऽऽ, सूऽऽ.
"वारेबुवा, वारेबुवा, मेणबत्तीला विझवा ना!
मेणबत्ती तापवेना,
सुरी टोचेना,
अक्रोड सरकेना,
दाणा सुटेना,
राईला भूक सोसवेना!"
वारा म्हणाला, "मी नाही विझवत जा! आणि हळू बोल. दारामागे ती उभी आहे."

दार हललं. कुईऽऽ.
कुणी हलवलं? वाऱ्यानं तर नाही. वारा इकडे होता ना!

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली गेली पडद्याकडे. पडदा उंचच उंच. फडफड, फडफड.
"पडदेबुवा, पडदेबुवा, वाऱ्याला अडवा ना!
वारा विझवेना,
मेणबत्ती तापवेना,
सुरी टोचेना,
अक्रोड सरकेना,
दाणा सुटेना,
राईला भूक सोसवेना!"
पडदा म्हणाला, "मी नाही अडवत जा! आणि हळू बोल. दारामागे ती उभी आहे."

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली गेली मनी मांजरीकडे. मनी खुर्चीवर होती. अंग चोरून बसली होती. डोळे दाराकडे.
"मनीबाई, मनीबाई, पडद्याला ओरबाड ना!
पडदा अडवेना,
वारा विझवेना,
मेणबत्ती तापवेना,
सुरी टोचेना,
अक्रोड सरकेना,
दाणा सुटेना,
राईला भूक सोसवेना!"
मनी पुटपुटली, "मी नाही ओरबाडत जा! आणि हळू बोल ना गं. दारामागे ती... ती उभी आहे."

आता कुणाकडे जायचं?
कुणीच उरलं नव्हतं.
म्हणजे, एक जण उरली होती.

टिकलीचे पाय जागीच थबकले. मुंगीला पाय सहा. सहाच्या सहा थबकले!
फटीतून आवाज आला. अगदी बारीक.
"ताई, दाणा मिळाला का गं?"
राई बोलत होती.
टिकलीनं एक मोठ्ठा श्वास घेतला. मुंगीएवढा मोठ्ठा.
तुरु... तुरु... तुरु... तुरु.
टिकली दारामागे गेली.

तिथे एक सावली होती.
कुणाची? कुणाचीच नाही. नुसती सावली. लांब लांब, काळी काळी. तिला पाय नव्हते. तिला तोंड नव्हतं.
टिकली अगदी हळू म्हणाली,
"सावलीबाई, सावलीबाई, मनीला घाबरव ना!
मनी ओरबाडेना,
पडदा अडवेना,
वारा विझवेना,
मेणबत्ती तापवेना,
सुरी टोचेना,
अक्रोड सरकेना,
दाणा सुटेना,
राईला भूक सोसवेना!"

सावली जराशी हलली.
मग बोलली. आवाज कुठून आला, कळलंच नाही.
"या घरात पाहुणे येतात. सगळ्यांना 'या, बसा' म्हणतात. मला कुणी म्हणत नाही. मी नुसती दारामागे उभी असते."
टिकलीला तिची भीती वाटत होती. अजूनही वाटत होती. पण तिची दयाही आली.
टिकली म्हणाली, "या. बसा."

सावली दारामागून निघाली. आवाज न करता निघाली. जमिनीवर पसरली. भिंतीवर चढली. सगळी खोली गार गार झाली.
सावली खुर्चीपर्यंत आली. मनीच्या शेपटीपर्यंत आली.

"फिस्स!" मनी ताडकन उठली. "नको, नको! मी पडद्याला ओरबाडते!"
पडदा म्हणाला, "नको, नको! मी वाऱ्याला अडवतो!"
वारा म्हणाला, "नको, नको! मी मेणबत्तीला विझवतो!"
मेणबत्ती म्हणाली, "नको, नको! मी सुरीला तापवते!"
सुरी म्हणाली, "नको, नको! मी अक्रोडाला टोचते!"
अक्रोड म्हणाला, "अरे बापरे! मी सरकतो ना!"
गडगड, गडगड, गडगड... टप्प! अक्रोड पाटावरून खालीच पडला.

कोपऱ्यात दाणा. थोडासा चेपलेला. तरी लालचुटुक!

टिकलीनं दाणा उचलला. तुरु तुरु निघाली. आणि मधेच थांबली.
खोलीत अजून कुणीतरी बसलं होतं ना! 'या, बसा' म्हटलं, आणि द्यायचं काहीच नाही?
टिकलीनं दाणा फोडला. लाल रसाळ भाग राईला. आतली पांढरी बी सावलीला. बी तिनं दारामागे ठेवली.
राईनं रस चोखला. चुट चुट चुट. आणि टिकलीच्या कुशीत झोपली.

दार उघडलं. आई आली, निमी आली. काका-काकू आले.
"या, या. बसा," आई म्हणाली.
"अगं, किती सुरेख मांडलायस पाट!" काकू म्हणाल्या. "हा कोपरा तेवढा राहिला का गं?"
आईनं खाली पडलेला अक्रोड उचलला. परत ठेवणार, तोच निमी ओरडली, "आई, नको! तो मुंगीचा कोपरा आहे!"
आईनं वाकून बघितलं. पाटावर एक लाल डाग होता. टिकलीएवढा.
"अगं बाई!" आई म्हणाली. "तिच्या दाण्यावरच बसवला होता की मी हा! चुकलंच माझं."
आईनं अक्रोड खिशात टाकला. कोपरा रिकामा ठेवला. तिथे फक्त दुसरा एक दाणा ठेवला.

सगळे खायला बसले. कुरुम कुरुम.
निमीनं सहज दाराकडे बघितलं.
दारामागे जमिनीवर एक पांढरी बी होती. इवलीशी.
दार वाजलं. कुईऽऽ.
बी नव्हती.

निमी उठली नाही. ओरडली नाही. तिनं हात पुढे केला आणि हळूच म्हणाली, "या. बसा."
"कुणाला म्हणतेस गं?" काकूंनी विचारलं.
निमीनं हसत पाटाचा आणखी एक कोपरा मोकळा केला.

आता त्या घरात पाट मांडला की दोन कोपरे मोकळे ठेवतात. एका कोपऱ्यात एक दाणा, दुसऱ्या कोपऱ्यात एक दाणा.
एक जातो तुरु तुरु, तुरु तुरु.
आणि एक जातो... आवाज न करता.

रस राईला, बी सावलीला, आणि गोष्ट माझ्या बाळाला.