दमलेला बुरूज

जवळ सरका रे, आज माझ्या आवाजात जोर नाही. तर एकदा काय झालं, खूप खूप लांब, बर्फाच्या डोंगरांत एक गाव होतं. तिथं घराघराला एकेक दगडी बुरूज. ताडाएवढा उंच, बरं का! आणि दार पार वर. शिडी लावून चढायचं, मग शिडी वर ओढून घ्यायची. का, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचं वैर. ह्यानं त्याला मारलं, मग त्याच्या भावानं ह्याला. आज्यापणज्यापासून तेच.

एका बुरुजात एतेरी नावाची बाई होती आणि तिचा म्हातारा सासरा बेखान. समोरच्या बुरुजात पिरिम्झे म्हातारी आणि तिचे तीन मुलगे. एतेरीचा नवरा समोरच्यांच्या बाणानं गेला होता, आणि पिरिम्झेचा नवरा ह्या बेखानच्या.

बेखानचे पाय गेलेले. मग पाणी एतेरीनं ओढायचं, लाकडं तिनंच, शिडीही तिनंच. हाताला घट्टे पडलेले. एके दिवशी तिनं भिंतीला कपाळ टेकलं नि म्हणाली, "दमले रे देवा."

भिंतीतून आवाज आला, "मीपण."

बुरूज बोलला, बरं का! म्हणाला, "तीनशे वर्षं उभा आहे, बाई. आता बसतो. आज एक दगड सोडेन, उद्या दुसरा, परवा तिसरा. मग मला तग धरवणार नाही. तुम्ही निघा."

त्या दिवशी एक दगड पडला. सासरा म्हणाला, "उंदीर असेल."

दुसऱ्या दिवशी कोपरा ढासळला, पेजेत माती पडली. एतेरी म्हणाली, "मामंजी, माझ्या एकटीच्यानं तुम्हाला उचलवत नाही. समोरच्यांना बोलावते."

"मरेन, पण त्यांचा हात लावून घेणार नाही!"

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं काही विचारलंच नाही. शिडी सोडली, उतरली, डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला, तिकडं ती भांडण थांबवायची खूण, आणि बर्फातून चालत निघाली. समोर वरून तीन धनुष्यं ताणली गेली. तिला भीतीसुद्धा वाटेना, इतकी ती थकली होती.

"पिरिम्झेमावशी," ती खालून म्हणाली, "आमचा बुरूज पडतोय. म्हातारा आत आहे. त्याला उतरवा, नाहीतर मला मारा. पण लवकर काय ते करा."

पिरिम्झेनं वरून वाकून तिच्याकडे पाहिलं. मग म्हातारी मुलांना म्हणाली, "ठेवा ती धनुष्यं. मला आणखी कुणासाठी रडवत नाही आता."

मुलगे धावले. थोरल्यानं बेखानला पाठीवर घेतलं. शिडीच्या मध्यावर म्हातारा कुजबुजला, "तुझ्या बापाला मीच मारलं, पोरा."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "गळ्याला नीट धरा."

ते समोरच्या अंगणात पोचले आणि बुरूज बसला. म्हैस बसते तसा, आधी गुडघे, मग पोट.

पिरिम्झेनं सगळ्यांना गरम सार वाढलं. एतेरी तर वाटी हातात धरूनच झोपली. म्हातारीनं वाटी काढून घेतली आणि स्वतःची घोंगडी तिच्यावर टाकली. तीन दिवस झोपली बिचारी!

वैर काही एकदम मिटलं नाही हं. पण बाण पुन्हा कुणी काढला नाही. बेखान नि पिरिम्झे रोज भाकरीतल्या मिठावरून भांडायचे आणि एकाच चुलीशी शेकायचे. सुखात होते सगळे.

झालं. पाय पोटाशी घ्या बघू, मीही पडते जरा.